नवीन वॉर टाकली की अपलोड केलेले फोटो का जातात, आणि ते कुठे ठेवावेत

भाऊ, आधी एक काम करा, उत्तर नंतर वाचा. सर्व्हरवर जा आणि वेबॲप्समधला (जावा ॲप चालवणारा सर्व्हर, म्हणजे टॉमकॅट, जिथे ॲप ठेवतो त्या फोल्डरमधला) तुमचा अपलोड्स फोल्डर जसाच्या तसा वेबॲप्सच्या बाहेर कॉपी करून ठेवा. आज संध्याकाळी तुमच्या टीममधल्या कुणी नवीन वॉर, म्हणजे ॲपची बांधलेली फाइल, टाकली, तर आज दिवसभरात आलेले फोटोही जातील, आणि ते परत आणायला कुठलीच सेटिंग उपयोगी पडत नाही.

तुम्ही विचारलंय ते असं: नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत तुम्ही जावा ॲप सांभाळता. शेतकरी आणि व्यापारी मालाचे फोटो टाकतात, तुमचा कोड ते वेबॲप्समधल्या अपलोड्समध्ये लिहितो. ‘नवीन वॉर टाकली की फोटो काहून गायब होऊन राहिले?’ हा मुख्य प्रश्न. सोबत तीन जोडप्रश्न: काही फोटो लॅपटॉपवर दिसतात पण सर्व्हरवर ४०४ (फाइल सापडली नाही) येतो, मराठी नावाच्या फाइली उघडत नाहीत, आणि कुणीतरी सुचवलं की सगळे फोटो डेटाबेसमध्येच टाका, ते करावं का?

कारण साधं आहे. टॉमकॅटला नवीन वॉर मिळाली की तो जुनं ॲप उतरवतो, आधीच्या वॉरमधून उलगडलेला फोल्डर पूर्ण पुसतो आणि नवीन वॉर त्या जागी उलगडतो. तो फोल्डर त्याच्या लेखी वॉरची फक्त उघडलेली प्रत आहे. त्यात तुमच्या कोडने मागाहून लिहिलेलं काही आहे, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असायचं कारणही नाही. चूक टॉमकॅटची नाही. वॉर म्हणजे कोड, फोटो म्हणजे डेटा. कोड रोज बदलतो, डेटा वर्षानुवर्षं राहायला हवा. दोघांना एका घरात ठेवलं की कोडचं घर पाडताना डेटा खाली सापडतो. डेटाबेसच्या फाइली वॉरमध्ये ठेवायचा विचार कुणी करत नाही, मग फोटोंचाही करू नये.

मी गेली १८ वर्षं इथेच, नागपुरात, जावाचं काम करतोय आणि ही चूक मी स्वतः केली आहे. कळमन्याच्या एका अडत्यासाठी आम्ही ॲप बनवलं होतं. मृग बहाराची संत्री बाजारात यायचे दिवस होते. सकाळी लिलावाआधी त्यांची माणसं प्रत्येक ढेरीचा फोटो टाकायची, बाहेरगावचे व्यापारी ते बघून भाव सांगायचे. एका दुपारी बेरजेतली छोटी चूक दुरुस्त करून मी वॉर टाकली. दहा मिनिटांत फोन आला, ‘साहेब, माल दिसत नाही.’ जवळजवळ तीन आठवड्यांचे फोटो गेले होते. त्यात खराब मालाच्या तक्रारींचे पुरावेही होते, आणि त्या तक्रारी नंतर अडत्याला तोंडी मिटवाव्या लागल्या. म्हणून पहिल्याच ओळीत तुम्हाला कॉपी करायला सांगितलं.

आता मूळ चूक कोडमध्ये बहुधा कुठे आहे ते सांगतो. तुमच्या अपलोड सर्व्हलेटमध्ये, म्हणजे ब्राउझरची विनंती घेणाऱ्या जावा कोडमध्ये, ‘गेट रिअल पाथ’ असणार. ती पद्धत ॲपच्या उलगडलेल्या फोल्डरचा डिस्कवरचा पत्ता देते, म्हणून सोयीची वाटते. पण वॉर न उलगडता चालवायची सेटिंग असेल तर ती सरळ नल (काहीच नाही) देते. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या जारमध्ये (एका फाइलीत बांधलेल्या ॲपमध्ये) ती टेम्पमधल्या कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरकडे बोट दाखवते. लिहिण्यासाठी ती कधीच वापरू नका. फोटोंच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता बाहेरून द्या: एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, सिस्टिम प्रॉपर्टी किंवा प्रॉपर्टीज फाइल. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर तो डी ड्राइव्हवरचा असेल, सर्व्हरवर लिनक्सचा. कोडला फरक कळायलाच नको.

लिनक्सवर मी असा फोल्डर ‘एसआरव्ही’खाली बनवतो आणि मालकी टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याला देतो. इथे एका गोष्टीपाशी अर्धा दिवस जातो, म्हणून आधीच सांगतो. उबुंटू-डेबियनच्या पॅकेजमधून टॉमकॅट ९ टाकला असेल, तर सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) त्याला कोंडून ठेवलेलं असतं. परवानग्या अगदी बरोबर असूनही लिहिताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा एरर येतो आणि माणूस डिस्क बिघडली म्हणून घाबरतो. डिस्क ठीक असते. त्या सर्व्हिसच्या फाइलीत लिहायला मोकळे असलेले फोल्डर मोजून दिलेले असतात. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने ‘रीड-राइट पाथ्स’मध्ये आपला फोल्डर जोडा, डीमन रीलोड करा, टॉमकॅट पुन्हा सुरू करा. रेडहॅटच्या घराण्यातलं काही असेल तर हाच त्रास एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेकडून होतो: एनजिनएक्स (टॉमकॅटच्या पुढे लावायचा वेब सर्व्हर) ४०३, म्हणजे मनाई, देतो आणि परवानग्यांत काही चूक सापडत नाही.

फोटो बाहेर गेले, आता ते ब्राउझरला द्यायचे कसे? टॉमकॅटमध्ये स्थिर फाइली देणारं एक ‘डिफॉल्ट सर्व्हलेट’ आधीपासूनच बसवलेलं असतं. तुमच्या ॲपची सीएसएस आणि लोगो आजही तेच देतं. एक्स्टेन्शनवरून कंटेंट-टाइप ठरवणं, लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) आणि ई-टॅग (फाइलीच्या आवृत्तीची खूण) लावणं, फाइल बदलली नसेल तर ३०४ देऊन पूर्ण फोटो पुन्हा न पाठवणं, अर्धवट तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करू देणं, हे सगळं त्याला येतं. म्हणून घरचं सर्व्हलेट लिहायच्या आधी त्यालाच बाहेरचा फोल्डर दाखवा.

त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला: कॉन्फमध्ये कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट हा फोल्डर असतो. तिथे एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवायची, तिच्यात एकच कॉन्टेक्स्ट (टॉमकॅटच्या भाषेत एक ॲप) टॅग आणि त्याच्या ‘डॉकबेस’मध्ये बाहेरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. यूआरएल फाइलीच्या नावावरून ठरते, ‘पाथ’ वेगळा लिहायचा नाही. तुमचं ॲप ‘बाजार’ या पत्त्यावर असेल आणि फोटो आजच्यासारखे ‘बाजार/अपलोड्स’वरच दिसायला हवे असतील, तर फाइलीच्या नावात बाजार आणि अपलोड्सच्या मध्ये स्लॅशऐवजी हॅश टाका. टॉमकॅट त्या हॅशचा स्लॅश करतो आणि लांब पत्ता जुळणाऱ्या कॉन्टेक्स्टला विनंती देतो. व्यापाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या लिंकही यामुळे चालू राहतात. इंटरनेटवर बरेच जण हा टॅग सर्व्हर.एक्सएमएलमध्ये टाकायला सांगतात. चालतं, पण मग प्रत्येक बदलाला अख्खा टॉमकॅट थांबवावा लागतो.

दुसरा रस्ता टॉमकॅट ८पासून आहे. तुमच्याच ॲपच्या कॉन्टेक्स्टमध्ये ‘रिसोर्सेस’ टॅग, त्याच्या पोटात ‘पोस्ट रिसोर्सेस’, क्लास म्हणून ‘डिर रिसोर्स सेट’, ‘बेस’मध्ये बाहेरचा फोल्डर आणि ‘वेबॲप माउंट’मध्ये स्लॅश-अपलोड्स. टॉमकॅट ७मध्ये या कामाला ‘अलायसेस’ होतं, ते ८मध्ये काढून टाकलं, त्यामुळे जुनी उत्तरं वाचून डोकं फोडू नका. दोन्ही रस्त्यांतला खरा फरक लॉगिनचा आहे. पहिल्या रस्त्यात फोटोंचा कॉन्टेक्स्ट वेगळा, म्हणून तुमच्या ॲपचे फिल्टर (विनंती आधी तपासणारा कोड) तिथे लागत नाहीत, फोटो जगाला खुले. दुसऱ्यात फोटो तुमच्या ॲपचाच भाग, म्हणून लॉगिन फिल्टर लागतो. मालाचे फोटो खुले चालतील. सातबारा, आधार, बँक पासबुक असलं काही त्या फोल्डरमध्ये असेल तर पहिला रस्ता तुमच्यासाठी बंद आहे.

सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद, हा तिसरा रस्ता लोक सुचवतात. त्यासाठी ‘अलाउ लिंकिंग’ चालू करावं लागतं. विंडोजवर ते चालू केलं की लहान-मोठ्या अक्षरांची तपासणी बंद होते आणि जेएसपीचा (सर्व्हरवर चालणाऱ्या जावा पानाचा) सोर्स बाहेर दिसू शकतो. मी वापरत नाही.

आता थांबून पुढची गोष्ट नीट वाचा, कारण इथे सर्व्हर हातचा जातो. टॉमकॅटच्या सामाईक वेब.एक्सएमएलमध्ये जेएसपी चालवणारं सर्व्हलेटही प्रत्येक कॉन्टेक्स्टला लावलेलं असतं, तुमच्या फोटोंच्या कॉन्टेक्स्टलासुद्धा. म्हणजे कुणी फोटोच्या जागी जेएसपी अपलोड केली आणि तुमच्या कोडने ती त्याच नावाने साठवली, तर ती यूआरएल उघडताच टॉमकॅट ती फाइल चालवेल, टॉमकॅटच्या युजरच्या सगळ्या अधिकारांनिशी. तुमचा फोल्डर वेबॲप्सच्या बाहेर आहे म्हणून हे टळत नाही. माझा नियम असा: अपलोड करणाऱ्याने दिलेलं नाव डिस्कवर कधीच वापरायचं नाही. नाव आपण बनवायचं, यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) घ्यायचा. एक्स्टेन्शनही आपणच लावायचं, आणि तेही फाइलीचे पहिले बाइट बघून, त्यांच्या नावावरून नाही. जेपीईजी, पीएनजी, वेबपी एवढेच घ्यायचे. एसव्हीजी फोटोसारखा दिसतो पण त्याच्या पोटात स्क्रिप्ट असू शकते, तो नको. उत्तरासोबत ‘एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स’ हा हेडर ‘नोस्निफ’ किमतीने पाठवायचा, म्हणजे ब्राउझर स्वतःच्या मनाने प्रकार ओळखायला जात नाही.

याच घराण्यातली दुसरी गोष्ट: डिफॉल्ट सर्व्हलेटचं ‘रीडओन्ली’ मुळात ट्रू असतं. पुट विनंतीने फाइल चढवता यावी म्हणून कुणी ते फॉल्स करतं. २०१७मध्ये टॉमकॅट ७चा विंडोजवरचा जो गाजलेला दोष निघाला, त्यात नेमकं हेच फॉल्स केलेलं असलं की बाहेरचा माणूस जेएसपी चढवू शकत होता. २०२५च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या दोषालाही हीच अट लागत होती. ती सेटिंग आहे तशी राहू द्या. ‘लिस्टिंग्ज’ही फॉल्सच ठेवा, नाहीतर फोल्डरची पूर्ण यादी कुणालाही दिसेल.

कधीकधी स्वतःचं सर्व्हलेट लिहावंच लागतं. उदाहरणार्थ, पावती फक्त त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या अडत्यालाच दिसायला हवी, तेव्हा प्रत्येक विनंतीला डेटाबेसला विचारावं लागतं. तिथे मला वारंवार दिसणारी चूक अशी: पूर्ण फाइल बाइट ॲरेमध्ये वाचायची आणि मग लिहायची. पाच एमबीचा फोटो आणि एकाच वेळी १०० विनंत्या म्हणजे नुसत्या फोटोंसाठी ५०० एमबी हीप (जावाची मेमरी). ‘फाइल्स.कॉपी’ने सरळ आउटपुट स्ट्रीमवर ओता, ते थोडं थोडं वाचतं. कंटेंट-टाइप सर्व्हलेट कॉन्टेक्स्टच्या ‘गेट माइम टाइप’कडून घ्या. कंटेंट-लेंग्थ लिहिण्याच्या आधी लावा, लिहायला सुरुवात झाल्यावर हेडर बदलत नाहीत.

आणि पत्त्याची तपासणी. यूआरएलमधून आलेलं नाव फोल्डरला सरळ जोडलं, तर दोन टिंबं-स्लॅश, पुन्हा दोन टिंबं-स्लॅश करत कुणीही तुमची पासवर्ड असलेली प्रॉपर्टीज फाइल मागवू शकतो. जोडल्यानंतर पाथ ‘नॉर्मलाइज’ करा आणि तो अजूनही मूळ फोल्डरनेच सुरू होतो का ते पाथच्याच ‘स्टार्ट्स विथ’ने तपासा, स्ट्रिंगच्या नाही. स्ट्रिंगच्या दृष्टीने ‘फोटो’ आणि ‘फोटो-जुने’ यांची सुरुवात सारखीच असते. सगळ्यात बरं म्हणजे यूआरएलमध्ये नाव नकोच, नोंदीचा क्रमांक असू द्या आणि डिस्कवरचं नाव डेटाबेसमधून काढा.

स्प्रिंग बूट वापरत असाल तर थोडक्यात. फोटो सोर्समधल्या रिसोर्सेस-स्टॅटिक फोल्डरमध्ये लिहू नका. जार बनल्यावर सर्व्हरवर तो फोल्डर अस्तित्वातच नसतो, आणि एडिटरमध्ये फोटो प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड केल्यावरच का दिसतो या कोड्याचं उत्तरही तेच: चालणारं ॲप टार्गेटमधली प्रत वाचतं. ‘ॲड रिसोर्स हँडलर्स’मध्ये यूआरएल आणि ‘फाइल:’ने सुरू होणारा पत्ता द्या, पत्त्याच्या शेवटी स्लॅश टाकाच. तो नसला की बऱ्याच आवृत्त्यांत शेवटच्या फोल्डरचं नाव गळून पडतं आणि सगळीकडे ४०४. अपलोडची मर्यादाही बघा: बूटमध्ये एका फाइलीला १ एमबी, पूर्ण विनंतीला १० एमबी. आजच्या फोनचा फोटो त्यात बसत नाही. अजून एक. बूट ॲप दहा-पंधरा दिवस छान चालतं आणि एका सकाळी प्रत्येक अपलोडला ‘टेम्पररी अपलोड लोकेशन’ चुकीचं असल्याचा एरर येतो, तर टेम्प साफ करणाऱ्या सिस्टिमडीने तो तात्पुरता फोल्डर उडवलेला असतो. १० दिवस कुणी हात न लावलेलं तो पुसतो. ‘सर्व्हर.टॉमकॅट.बेसडिर’ला टेम्पबाहेरचा फोल्डर द्या.

एनजिनएक्स पुढे लावावा का? टॉमकॅट स्थिर फाइली हळू देतो हे मत फार जुन्या आवृत्त्यांपासून चालत आलंय. आताचा टॉमकॅट ४८ केबीपेक्षा मोठी फाइल सेंडफाइलने देतो, म्हणजे बाइट जावाच्या हीपमधून न फिरता ऑपरेटिंग सिस्टिमच ते पाठवते. दिवसाला काही हजार फोटो बघितले जाणाऱ्या ॲपला तो पुरतो. तरी मी एनजिनएक्स लावतो. वेगापेक्षा दुसऱ्या दोन कारणांसाठी. एक, त्याला जेएसपी म्हणजे काय हेच माहीत नाही, म्हणून वरचा धोका मुळातूनच जातो. दोन, टॉमकॅट वॉर बदलत असताना निदान फोटो तरी दिसत राहतात.

त्यात ‘लोकेशन’ आणि ‘अलायस’ वापरताना दोन्हींच्या शेवटी स्लॅश ठेवा. लोकेशनला स्लॅश नाही आणि अलायसला आहे, असं असलं की दोन टिंबं लावून एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. हे वाचताना क्षुल्लक वाटतं, पण मी तपासलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये ही चूक कितीदा सापडली आहे. त्याचीही अपलोड मर्यादा मुळात १ एमबीच आहे, ती न वाढवल्यास ४१३ (विनंती फार मोठी) येतो आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, कारण विनंती तिथवर पोचलेलीच नसते. खासगी फाइलींसाठी ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ फार छान आहे: तुमचं सर्व्हलेट फक्त हक्क तपासतं आणि रिकाम्या उत्तरात हा हेडर देतं, प्रत्यक्ष फाइल एनजिनएक्स देतो. ते लोकेशन ‘इंटर्नल’ करायला मात्र विसरू नका.

कॅशबद्दल. यूयूआयडीचं नाव असलं की एका नावामागची फाइल कधी बदलत नाही, म्हणून ‘मॅक्स-एज’ एक वर्ष, म्हणजे ३१५३६००० सेकंद, बिनधास्त द्या. फोटो बदलला की नाव बदलेल. खेड्यात कमी रेंजवर ॲप उघडणाऱ्या शेतकऱ्याला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. टॉमकॅटमध्ये हे ‘एक्स्पायर्स फिल्टर’ने करता येतं. टॉमकॅटची स्वतःची कॅश वेगळी: मुळात १० एमबीची, नोंद ५ सेकंद धरणारी. एकाच नावाने फोटो बदलला तर तेवढा वेळ जुना दिसू शकतो. लॉगमध्ये ‘रिसोर्स कॅशमध्ये घालता आला नाही’ अशा ओळी धडाधड येत असतील तर ती कॅश भरली आहे. ‘कॅश मॅक्स साइझ’ वाढवा. ॲप मोडलेलं नसतं.

लॅपटॉपवर दिसतो आणि सर्व्हरवर नाही, या प्रश्नाचं उत्तर दहांतल्या सात-आठ वेळा लहान-मोठी अक्षरं हेच असतं. विंडोजला मोठ्या अक्षरातलं जेपीजी आणि छोट्या अक्षरातलं जेपीजी एकच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. उरलेल्या वेळा जेएसपीत इमेजचा पत्ता सापेक्ष लिहिलेला असतो आणि पान एक पायरी खोल गेलं की तो चुकतो. कॉन्टेक्स्ट पाथ जोडून लिहा. स्प्रिंगचं डिस्पॅचर सर्व्हलेट नुसत्या स्लॅशवर लावलं असेल तर ते डिफॉल्ट सर्व्हलेटची जागा घेतं, तेही बघून घ्या. आणि इमेजच्या सोर्समध्ये डी ड्राइव्हचा पत्ता लिहिला असेल, तर तो बघणाऱ्याच्या मशीनवर शोधला जातो, तुमच्या नाही.

मराठी नावांचा प्रश्न मला जवळचा आहे. आपली माणसं आपल्या भाषेत फाइलीला नाव देतात आणि ते चालायलाच हवं. ‘संत्रा’ हा शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडात ती सहा चिन्हं आहेत: स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाचे ३ बाइट, एकूण १८, आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं होतात, म्हणजे ५४. लिनक्सच्या ईएक्सटी४वर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. ‘काटोल रोडवरच्या बागेतला दुसऱ्या तोडणीचा माल’ असली नावं देणारे लोक आहेत, ही मर्यादा लवकर गाठली जाते.

टॉमकॅट ७ किंवा त्याआधीचा असेल तर कनेक्टरवर ‘यूआरआय एन्कोडिंग’ यूटीएफ-८ करावं लागतं, ८पासून ते आपोआप तसंच आहे. एवढं करूनही डिस्कवर प्रश्नचिन्हांची माळ दिसत असेल, किंवा जावा ‘इनव्हॅलिड पाथ’ म्हणत असेल, तर टॉमकॅटच्या सर्व्हिसला लँग (भाषा आणि एन्कोडिंग सांगणारं) व्हेरिएबल मिळालेलं नाही. तुमच्या टर्मिनलवर ते असतं म्हणून हाताने सुरू केलेला टॉमकॅट नीट चालतो, मशीन रीस्टार्ट झाल्यावर सर्व्हिसने सुरू केलेला चालत नाही. सर्व्हिसच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ‘सी.यूटीएफ-८’ द्या. जावा १८पासून मजकुराचं एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं तरी फाइलींच्या नावांसाठी जावा अजूनही लोकेलच (लँगची सेटिंग) बघतो.

आणि आपला ‘वऱ्हाड’. यातला ऱ युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो: एक, स्वतंत्र चिन्ह म्हणून, ३ बाइटांत, दोन, साधा र आणि खाली नुक्ता, ६ बाइटांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. फाइल एका रीतीने साठवली आणि विनंती दुसऱ्या रीतीने आली की ४०४. फाइल डिस्कवर समोर दिसते आहे, नाव तंतोतंत तेच आहे, तरी मिळत नाही. आलेलं प्रत्येक नाव जावाच्या ‘नॉर्मलायझर’मधून एनएफसी (एकच ठरलेलं रूप) करून घ्या. डिस्कवर यूयूआयडी ठेवला असेल तर हे सगळं दुखणं डेटाबेसमधल्या एका रकान्यापुरतं उरतं, आणि डाउनलोड करताना मूळ मराठी नाव कंटेंट-डिस्पोझिशन हेडरच्या तारांकित ‘फाइलनेम’मध्ये यूटीएफ-८ने परत देता येतं. शेतकऱ्याला त्याने दिलेलंच नाव दिसतं.

फोटो डेटाबेसमध्ये टाकू का? माझं मत: नको. रोजचा बॅकअप काही मिनिटांवरून तासांवर जातो, प्रत्येक फोटोला डेटाबेसचं कनेक्शन अडतं, आणि ३०४, तुटलेलं डाउनलोड पुढे चालवणं हे सगळं तुम्हाला हाताने लिहावं लागतं. डेटाबेसमध्ये यूयूआयडी, मूळ नाव, प्रकार, आकार आणि कुणी टाकला एवढंच ठेवा. कायदेशीर सही असलेल्या मोजक्या छोट्या फाइली असत्या तर माझं उत्तर वेगळं असतं. आणि दोन टॉमकॅट जोडीने चालवायची वेळ आली की दोघांना दिसेल असा सामाईक फोल्डर किंवा ऑब्जेक्ट स्टोअर (फाइली ठेवणारी वेगळी सेवा) लागेल. आज त्याची घाई नको.

फोटो लिहिताना आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाला की ‘ॲटॉमिक मूव्ह’ने खऱ्या नावावर आणा. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे लाइन कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. अर्धा लिहिलेला फोटो खऱ्या नावाने कधीच दिसता कामा नये. यूयूआयडीच्या पहिल्या दोन अक्षरांचे उपफोल्डर केले की २५६ कप्पे होतात आणि एका फोल्डरमध्ये लाखभर फाइली साचत नाहीत.

छोटी प्रत बनवताना हीपचा हिशोब ठेवा: ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर चार एमबीचा असला तरी मेमरीत उलगडल्यावर तीन बाइट प्रति पिक्सेल धरून ३६ एमबी होतो. एका वेळी दोन-तीनच करा. फोनच्या फोटोत जीपीएसची नोंद असते, म्हणजे कुणाचं शेत, कुणाचं घर हे उघड होतं. जावाच्या इमेजआयओने फोटो नव्याने लिहिला की ती नोंद जाते, पण फोटो उभा की आडवा ही नोंदही तिच्यासोबत जाते. म्हणून आधी ती वाचून फोटो फिरवून घ्या. नाहीतर उद्या सगळी झाडं आडवी दिसतील.

सगळं बसवल्यावर तपासायचं असं. कर्ल या कमांडने एका फोटोचे फक्त हेडर मागवा: २०० यायला हवा, कंटेंट-टाइप इमेजचा, सोबत ई-टॅग आणि नोस्निफ. तोच ई-टॅग ‘इफ-नन-मॅच’मध्ये देऊन पुन्हा मागवा, ३०४ यायला हवा. दोन टिंबांचा पत्ता देऊन बघा, कर्लला ‘पाथ ॲज इज’ सांगा, नाहीतर तो टिंबं स्वतःच काढून टाकतो. एक निरुपद्रवी जेएसपी, आत फक्त दोन अंकांची बेरीज, फोटोच्या एक्स्टेन्शनशिवाय अपलोड करून बघा, ती नाकारली जायला हवी. तीच हाताने फोल्डरमध्ये ठेवून यूआरएल उघडा. बेरीज दिसली तर टॉमकॅट अजून तिथे जेएसपी चालवतोय, एनजिनएक्सकडे वळा. ‘वऱ्हाड’ नावाची फाइल चढवून उतरवून बघा. मशीन पूर्ण रीस्टार्ट करून हेच एकदा पुन्हा करा. आणि शेवटी, बॅकअप हाताशी ठेवून, तीच वॉर पुन्हा टाका आणि कालचा एखादा फोटो उघडतो का ते बघा. काही अडलं तर टॉमकॅटची आवृत्ती आणि कॅटलिनाच्या लॉगमधल्या शेवटच्या पन्नास ओळी इथे टाका, मी रात्री बघतो.